आरोग्य विभागाला खुले पत्र: बाळाचं वजन सहा वेळा, आईच्या मनाची चौकशी एकदाही नाही

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य व कुटुंब कल्याण,
मा. आयुक्त, आरोग्य सेवा,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

विषय: बाळंतपणानंतरच्या नैराश्याची विचारपूस आशा स्वयंसेविकांच्या गृहभेटींत आणि सहा आठवड्यांच्या तपासणीत समाविष्ट करण्याबाबत.

महोदय,

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी राहते. माझी मुलगी आता पहिलीत आहे. तिच्या जन्मानंतर मला नैराश्य आलं होतं. हा नुसता ताण नाही, आजार आहे, हे कळायला कित्येक महिने गेले, आणि कळलं तेही सरकारी यंत्रणेतल्या कुणाकडून नाही. यंत्रणा माझ्या दारात आली नव्हती असं नाही. वारंवार आली. माझं गाऱ्हाणं नेमकं तेच आहे.

इतकी वर्षं मी हे घरापुरतं ठेवलं. पण गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत माहेरी होते, तेव्हा भावजय नुकतीच बाळंत झाली होती. दुसरं बाळंतपण, म्हणून ते आमच्याकडेच झालं. आशाताई ठरल्या दिवशी आल्या. त्यांनी बाळाला झोळीत घालून काट्याला टांगलं, काखेत थर्मामीटर धरला, घड्याळाकडे बघत श्वास मोजले, बेंबी पाहिली. मग भावजयीकडे वळून फॉर्ममधले प्रश्न विचारले: दिवसातून किती वेळा पोटभर जेवता, पॅड किती बदलावे लागतात, ताप आहे का, अंगावर दूध पुरतं का. भावजय खाली मान घालून हो-नाही करत होती. आशाताई मन लावून काम करणाऱ्या आहेत, त्यांच्या नजरेतून ते सुटलं नाही. निघताना आईला हळूच म्हणाल्या, "सूनबाई लई गप्प वाटतात. पण फॉर्मात हे लिहायला जागाच नाही बघा."

जागा खरंच नाही. गृहभेटीच्या त्या फॉर्ममध्ये आईच्या मनाच्या जवळपास जाणारा एकच प्रश्न आहे: आई असंबद्ध बोलते का किंवा तिला झटके येतात का. म्हणजे बाई बरळायला लागली तर नोंद होणार, गप्प झाली तर होणार नाही. आणि नैराश्य आलेली बाळंतीण बहुतेक वेळा गप्पच होते. माझ्या वेळचं माता-बाल संरक्षण कार्ड मी कपाटातून काढून पुन्हा पाहिलं. प्रसूतीनंतरच्या तपासणीत नाडी, रक्तदाब, ताप, स्तन, गर्भाशय, रक्तस्राव, टाके या सगळ्यांना रकाने आहेत. मनाला नाही. एवढ्या वर्षांनी भावजयीच्या कार्डावरही मला तो सापडला नाही.

हा प्रश्न चार-दोन हळव्या बायकांचा आहे असं आपल्या विभागात कुणाला वाटत असेल, तर आकडे आपल्याकडेच आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये 2017 साली भारतातल्या 38 अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. वीस हजारांवर मातांची ती माहिती होती आणि बाळंतपणानंतरच्या नैराश्याचं प्रमाण 22 टक्के निघालं. शेजारच्या गोव्यात एका जिल्हा रुग्णालयात बाळंत झालेल्या महिलांचा अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात 23 टक्के. त्यातल्या निम्म्याहून जास्त जणी सहा महिन्यांनंतरही आजारीच होत्या. 78 टक्के जणींचा मानसिक त्रास गरोदरपणातच सुरू झाला होता. गरिबी, नवऱ्याशी बिघडलेले संबंध आणि मुलगी होणं यांचा या आजाराशी संबंध दिसला. पाचात एक बाळंतीण, असं हे प्रमाण आहे. रक्तक्षय इतका पसरलेला आहे म्हणून आपण प्रत्येक गरोदर बाईचं हिमोग्लोबिन तपासतो. मग इथे काय अडतं?

आता माझ्याविषयी लिहिते, कारण त्याशिवाय ताण आणि नैराश्य यांतला फरक सांगता येणार नाही.

ताण मला नवा नव्हता. एका वर्गात दोन इयत्ता, शाळा तपासणी, पोषण आहाराच्या नोंदी, निवडणुकीची ड्युटी. ताण आला की माझं डोकं ठणकायचं, मी घरात सगळ्यांवर चिडायचे. पण त्याला कारण असायचं आणि शेवटही असायचा. मतदान यंत्रं जमा करून मध्यरात्री घरी आलं की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपायचं, उठून चहा घेत बहिणीला फोन करायचा, मतदान केंद्रावरच्या गमती सांगायच्या, की गाडी रुळावर. बाळंत झाल्यावर पहिल्या आठवड्यात उगाचच रडू यायचं, तेही समजण्यासारखं होतं. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून निम्म्याहून अधिक बायकांना तसं होतं. शरीरातली संप्रेरकं एकदम उतरतात, आणि दोन आठवड्यांत ते रडू आपोआप ओसरतं. माझं ओसरलं नाही.

माझ्या आईने करण्यात काही कमी ठेवलं नव्हतं. मालिशवाल्या मावशी रोज यायच्या. शेक, धुरी, आळिवाची खीर, डिंकाचे लाडू, सगळं साग्रसंगीत. रात्री दूध पाजून झालं की आई बाळाला आपल्या खोलीत घेऊन जायची, मला झोप मिळावी म्हणून. थोडक्यात, ताण हलका करायला जे जे करता येतं ते सगळं झालं होतं. आणि तरी बाळ पलीकडे शांत झोपलेलं असताना मी पहाटे तीनला टक्क जागी असायचे. लाडवाचा घास तोंडात नुसता घोळत राहायचा. एका सकाळी दोन झबली समोर ठेवून, पिवळं घालू की पांढरं हे न ठरवता आल्याने मी तिथेच बसून रडले. लेकीला पाजताना तिच्या तोंडाकडे बघवायचं नाही, समोरच्या कालनिर्णयच्या तारखा वाचत बसायचे. मनात एकच गोष्ट फिरत असायची: या पोरीला माझ्याऐवजी दुसरी कुणी आई मिळायला हवी होती, मी नसले तर हिचं भलं होईल.

घरच्यांना वाटलं थकवा आहे. आत्या म्हणाली, आम्ही शेतात राबून पाच-पाच पोरं वाढवली, आताच्या मुलींना सोसत नाही. कुणीतरी दृष्ट काढली. सहा आठवड्यांनी सरकारी दवाखान्यात तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, टाके पाहिले, तांबी बसवायची का विचारलं, लोहाच्या गोळ्या दिल्या. झोप लागत नाही असं मी म्हटलं. उत्तर मिळालं, "लहान बाळ आहे, असं व्हायचंच. टेन्शन घेऊ नका." बाहेर रांग होती, त्या डॉक्टरांवर माझा वैयक्तिक राग नाही. पण त्या दिवशी आणखी दोनच प्रश्न विचारले गेले असते तर माझे पुढचे कित्येक महिने वाचले असते.

ते प्रश्न अखेर आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका बाईंनी विचारले. बाळंतविडा घेऊन आल्या होत्या. त्यांच्या मुलीला असाच त्रास झालेला होता, म्हणून त्यांना विचारायचं काय ते ठाऊक होतं. बाळ झोपल्यावर तरी तुला झोप लागते का? पूर्वी आवडायचं ते काही आता करावंसं वाटतं का? दोन्हींना नाही म्हटल्यावर त्यांनी माझ्या नवऱ्याला बाहेर बोलावून घेतलं, आणि त्याच आठवड्यात आम्ही जिल्ह्याच्या ठिकाणी मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी आधी थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घेतलं, कारण थायरॉइड बिघडला किंवा रक्त फार कमी झालं तरी थकवा आणि उदासी अशीच दिसते. मग समुपदेशन आणि औषध सुरू झालं. बाळाला अंगावर पाजत असतानाही डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेता येतात अशी औषधं आहेत, हे मला तिथे पहिल्यांदा कळलं. बाळाचं दूध तोडावं लागेल या भीतीने कितीतरी जणी दवाखान्याची पायरी चढत नाहीत.

त्या डॉक्टरांनी समजावलेला फरक इथे सगळ्यांसाठी लिहिते. ताण हा परिस्थितीला बांधलेला असतो. काम वाढलं की वाढतो. मदत मिळाली, झोप झाली, कुणाजवळ मन मोकळं केलं की उतरतो. ताणातली बाई दमलेली असते, पण बाळ हसलं की तिला बरं वाटतं. नैराश्यात मदत येऊनही मन वर येत नाही. उदासी किंवा कशातच गोडी न वाटणं हे दिवसाचा बहुतेक वेळ, जवळजवळ रोज, दोन आठवडे किंवा त्याहून जास्त टिकतं. झोपायची संधी मिळूनही झोप येत नाही. साधे निर्णय जमत नाहीत. आपण वाईट आई आहोत, घराला ओझं आहोत अशी खात्री बसते, आणि काहींच्या मनात मरणाचे विचार येतात. लांबलेला ताण नैराश्याला वाट करून देतो, दोन्ही एका वेळी असूही शकतात, म्हणून हे घरी बसून बोटावर मोजून ठरवायचं काम नाही. आणखी एक अवस्था असते, हजार बाळंतिणींत एक-दोघींना होणारी. त्यात भ्रम होतात, भास होतात, बाई दिवसेंदिवस झोपत नाही. त्यात एक दिवसही वाट बघायची नसते, तडक मोठ्या रुग्णालयात न्यायचं असतं. गृहभेटीच्या फॉर्ममधला तो एक प्रश्न पकडलाच तर हीच अवस्था पकडेल. पाचातली ती एक मात्र सुटते.

महोदय, माझं मुख्य म्हणणं आता सांगते. ताण की नैराश्य हे ओळखायची जबाबदारी आज आपण त्याच बाईवर टाकली आहे जिचं मन आजारी आहे. तिने ओळखायचं, तिने बोलायचं, तिने दवाखाना शोधायचा. पाय मोडलेल्याला आपण चालत एक्स-रेला ये म्हणत नाही. नैराश्याचं पहिलं लक्षणच हे की दोष आपल्यातच आहे असं वाटतं. जिला तसं वाटतं ती तक्रार कशाला करेल? म्हणून विचारायला दुसऱ्याने गेलं पाहिजे. आणि तो दुसरा माणूस नेमण्यासाठी आपल्याला नवी यंत्रणा उभारायची नाही. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातात. सहा वेळा त्या त्याच खोलीत, त्याच बाईसमोर बसतात.

ही गृहभेटींची पद्धत महाराष्ट्राचीच देणगी आहे, याचा मला अभिमान आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 39 गावांत गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली आणि नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून जास्त खाली आणले. त्याचा शोधनिबंध 1999 मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये आला, आणि 2011 पासून ही पद्धत देशभर लागू झाली. फारसं न शिकलेली गावातली बाई न्यूमोनिया ओळखू शकते हे या राज्याने जगाला दाखवलं. तीच बाई नैराश्याची शंका ओळखू शकणार नाही, असं कोण म्हणेल? निदान तिने करायचंच नाही. तिने विचारायचं, नोंदवायचं आणि पुढे पाठवायचं.

माझ्या तक्रारी अशा आहेत.

पहिली, फॉर्म आणि कार्डाची, ती वर सांगितली. जे कागदावर नाही ते आढावा बैठकीत येत नाही, आणि बैठकीत येत नाही त्याच्यासाठी पैसा येत नाही.

दुसरी, बेचाळिसाव्या दिवसाची. त्या दिवशी आपल्या लेखी आई संपते आणि पुढे फक्त बाळ उरतं. तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात आशाताई पुन्हा येतात, पण त्या बाळाची वाढ आणि वरचं खाणं बघायला. नैराश्य मात्र पहिल्या वर्षात कधीही डोकं वर काढू शकतं. बाळंतीण माहेराहून सासरी परतते, आधाराची माणसं सुटतात, कामाला जाणारी बाई कामावर रुजू होते, तेव्हा तर अधिकच. त्यात माहेर एका आशाताईकडे आणि सासर दुसरीकडे, त्यामुळे मधल्या काळात ती कुणाच्याच यादीत ठळकपणे नसते. आमच्याकडे पहिली बाळंतपणं माहेरी होतात हे आपल्या विभागाला नव्याने सांगायला नको.

तिसरी तक्रार मला सर्वांत जास्त बोचते. ओळखलं तरी पाठवायचं कुठे? आमच्या भागातून मानसोपचारतज्ज्ञांसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जावं लागतं. एसटीने दोन तास, मांडीवर तान्हं बाळ, सोबत कामाचा खाडा करून आलेला नवरा. केस पेपरची रांग, मग ओपीडीची रांग, मग औषधाची. खिडकीवर कळतं की लिहून दिलेल्यातलं एक औषध संपलंय, बाहेरून घ्या. दारावर मोठ्या अक्षरांत 'मनोरुग्ण विभाग' लिहिलेलं, आणि बाकड्यावर कुणीतरी ओळखीचं भेटतंच. मला नोकरी आहे, शिकलेला नवरा आहे, तरी दुसऱ्या वेळी मी जायला नाही म्हणत होते. ऊसतोडीला गेलेल्या बाईने हे कसं करायचं? मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 मध्ये संमत झाला आणि 2018 पासून लागू आहे. त्याचं कलम 18 सांगतं की सरकारी मानसिक आरोग्य सेवा प्रत्येकाचा हक्क आहे आणि त्यासाठी लांबचा प्रवास करावा लागू नये, सेवा राहत्या ठिकाणाजवळ मिळावी. कलम 21 सांगतं की उपचारांसाठी दाखल झालेल्या बाईपासून तिचं तीन वर्षांखालचं मूल सहसा तोडू नये. हे कायद्यात लिहून ठेवलंय. मी आपल्याकडे उपकार मागत नाही.

चौथी, जाताजाता. 'टेली मानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. फोन फुकट, दिवसरात्र, मराठीतून बोलता येतं. हा क्रमांक बाळंतिणीच्या हातातल्या कार्डावर ठळक का नाही? हे वाचणाऱ्या कुणा बहिणीला आत्ता गरज असेल तर तिने कार्डाची वाट न बघता तो लावावा. मरणाचे विचार येत असतील तर आजच लावावा आणि घरातल्या एका माणसाला सांगावं.

पाचवी तक्रार आशाताईंच्या बाजूने आहे. मी त्यांच्यावर आणखी एक काम लादायला सांगतेय असा अर्थ कुणी काढू नये. एचबीएनसीच्या, म्हणजे नवजात बाळासाठीच्या या गृहभेटींच्या, सगळ्या भेटींचे मिळून 250 रुपये असा केंद्राचा दर आहे. त्या मोबदल्यात त्या वजनकाटा खांद्यावर घेऊन वस्त्या तुडवतात. मनाची विचारपूस वाढवायची तर तिचं प्रशिक्षण आणि तिचा मोबदला वेगळा द्यावा लागेल. फुकटात झालेलं काम शेवटी कागदावरच होतं, हे शिक्षक म्हणून मला चांगलं माहीत आहे.

यावर कुणी म्हणेल, महाराष्ट्रात माता वाचवण्याचं काम चांगलं चाललंय. खरं आहे. 2018-20 च्या नमुना नोंदणीत आपलं मातामृत्यूचं प्रमाण लाख जिवंत जन्मांमागे 33 होतं, केरळच्या 19 नंतर देशात सर्वांत कमी. डॉक्टर, परिचारिका, आशा, 108 चे चालक, सगळ्यांचं ते यश आहे. पण बाळंतपणानंतरच्या नैराश्यातून झालेली आत्महत्या हा थेट मातामृत्यूच धरावा असं जागतिक आरोग्य संघटनेचं 2012 पासूनचं मार्गदर्शन आहे. विहिरीत सापडलेल्या ओल्या बाळंतिणीची नोंद पोलिस ठाण्यात आकस्मिक मृत्यू म्हणून होते. ती आपल्या मातामृत्यू समितीपुढे येते का? रक्तस्रावाने गेली असती तर आपण तिची फाइल उघडली असती.

आणि उपाय अवघड आहेत असंही नाही. बाळंतपणानंतरच्या नैराश्यासाठी एडिंबरा प्रश्नावली 1987 पासून वापरात आहे. अवघे दहा प्रश्न, पाच मिनिटांचं काम. त्याहून सोपं म्हणजे दोनच प्रश्न: गेल्या दोन आठवड्यांत मन उदास, निराश वाटत होतं का? कशातही गोडी, आनंद वाटत नाही असं झालं का? उत्तर हो आलं तर पुढची प्रश्नावली. शेजारच्या गोव्यात 'संगत' संस्थेने सहभागी होऊन केलेल्या कामात साध्या गावातल्या महिलांना शिकवून नैराश्य असलेल्या गरोदर आणि बाळंत बायकांच्या घरी पाठवलं गेलं. मानसोपचाराची पदवी नसलेल्या त्या बायका आधाराचं काम नीट करू शकल्या, हे 2019 मध्ये प्रसिद्ध झालं. केरळ सरकारने 'अम्मा मनस्सु' नावाने मातांच्या मनाची तपासणी आपल्या आरोग्य सेवेत आणली आहे. बंगळूरच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत 2009 पासून आई आणि बाळ एकत्र दाखल होतील असा कक्ष आहे. पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे आपली चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. त्यांत कुठे असा कक्ष आहे का, हे आपणच आम्हाला सांगावं.

आता मागण्या.

गृहभेटीच्या फॉर्ममध्ये आणि माता-बाल संरक्षण कार्डावर आईच्या मनाविषयीचे दोन प्रश्न छापा, मराठीत आणि आदिवासी भागांत तिथल्या बोलीत. ते किमान चौदाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी, आणि पुढे तिसऱ्या, सहाव्या, नवव्या आणि बाराव्या महिन्याच्या भेटीत विचारले जावेत. प्रश्न विचारताना सासू, नणंद, नवरा खोलीबाहेर असावेत. सासूसमोर कुठलीही सून "मला उदास वाटतं" असं सांगणार नाही.

दर महिन्याच्या 9 तारखेला गरोदर महिलांची तपासणी होतेच. तिथेही हेच दोन प्रश्न विचारावेत. गोव्यातल्या अभ्यासाने सांगितलंय की बहुतेकींचा त्रास पोटुशी असतानाच सुरू होतो. आधी कळलं तर बाळंतपणाआधीच घरच्यांना तयार करता येईल.

सहा आठवड्यांच्या तपासणीत ही विचारपूस सक्तीची करा, आणि शंका आली तर थायरॉइड आणि हिमोग्लोबिनची तपासणी मोफत व्हावी.

उपकेंद्रावरच्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना एडिंबरा प्रश्नावलीचं आणि प्राथमिक समुपदेशनाचं प्रशिक्षण द्या. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक ठरलेल्या वारी यावं. शक्य तिथे तो लसीकरणाचाच वार ठेवा, म्हणजे बाळाला डोस द्यायला आलेली आई कुणाला उत्तर न देता तिथे जाऊ शकेल. स्तनदा मातांना देता येणारी औषधं तिथे संपता कामा नयेत. आणि त्या खोलीच्या दारावरची पाटी बदला.

आशा स्वयंसेविकांना या कामाचा वेगळा मोबदला द्या. नैराश्याची शंका असलेल्या बाईला पहिल्यांदा दवाखान्यात सोबत घेऊन गेल्याचाही.

चारही प्रादेशिक मनोरुग्णालयांत आई आणि बाळ एकत्र राहतील अशा खाटा राखून ठेवा.

बाळंतपणानंतर वर्षभरात झालेल्या प्रत्येक आत्महत्येची चौकशी मातामृत्यूप्रमाणेच व्हावी आणि तिचे आकडे, नावं गुप्त ठेवून, दरवर्षी जाहीर व्हावेत.

खाजगी प्रसूतिगृहांनाही हेच लागू करा. शहरांतल्या कितीतरी बाळंतिणींचा आशाताईंशी संबंधच येत नाही. डिस्चार्ज कार्डावर पुढच्या लसीची तारीख लिहिता, त्याच्या खाली हे दोन प्रश्न आणि 14416 लिहायला खर्च येत नाही.

घरच्यांसाठीही काही करा. सातव्या महिन्यात ओटभरण होतं, तेव्हापासून नवरा आणि सासू दोघांना एकदा तरी समोर बसवून सांगणारं कुणी हवं की ती गप्प झाली, जेवेनाशी झाली, बाळाकडे बघेनाशी झाली तर ती नाटक करत नाही, आळशी झालेली नाही, तिला दवाखान्यात न्या. माझ्या नवऱ्याला हे आधी कुणी सांगितलं असतं तर तो एक दिवसही थांबला नसता, याची मला खात्री आहे.

भावजयीला आम्ही घरच्यांनी दवाखान्यात नेलं. तिच्यावर उपचार सुरू आहेत आणि ती सुधारते आहे. तिच्या वाटणीला अशी नणंद आली जिने हे भोगलं होतं. पण योगायोगावर आरोग्य सेवा चालत नाही.

या पत्राचं उत्तर मला वैयक्तिक पत्राने नको. या मागण्यांतल्या कोणत्या मान्य आहेत, कोणत्या नाहीत आणि नसतील तर का, हे विभागाने जाहीरपणे सांगावं. मान्य असतील त्यांचा शासन निर्णय काढावा. कार्ड आणि फॉर्म पुन्हा छपाईला जातील त्याआधी तो यावा, नाहीतर जुनेच रकाने पुढची कित्येक वर्षं वाटले जातील.

आपली,
एक आई आणि प्राथमिक शिक्षिका